आधी बाग, मग पाय

कॉलिन क्रेव्हन आजारी नव्हता. लहानपणी 'द सीक्रेट गार्डन'ची पातळ, चित्रांची आवृत्ती वाचलेल्या कुणालाही हे सांगून बघा, तो वाद घालेल. त्याच्या डोक्यात बसलेली गोष्ट अशी असते: यॉर्कशरमधल्या भल्यामोठ्या वाड्यात एक पांगळा मुलगा अंथरुणाला खिळलेला होता, मैत्रिणीने त्याला बागेत नेलं, फुलं-पाखरं आणि मोकळी हवा मिळाली, त्याने मनावर घेतलं आणि तो उभा राहिला. शाळेतल्या पुस्तक-परिचयात, सुट्टीतल्या शिबिरात, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात हीच गोष्ट फिरते. खाली तात्पर्यही ठरलेलं असतं, की इच्छाशक्ती असेल तर काहीही शक्य आहे.

फ्रान्सिस हॉजसन बर्नेट यांनी १९११ साली छापलेलं पुस्तक काढून पाहिलं तर ते वेगळंच काही सांगतं. कॉलिन दहा वर्षांचा आहे. तो जन्मला तेव्हाच आई गेली. बापाचे खांदे वाकडे आहेत आणि मुलालाही कुबड येणार या धास्तीने तो मुलाचं तोंड बघत नाही. आलाच तर मुलगा झोपलेला असताना येतो. नोकरमाणसं दाराआड कुजबुजतात की हा काही जगत नाही. देखरेख करणारा डॉक्टर बापाचा चुलतभाऊ आहे आणि मुलगा गेला तर इस्टेट त्याच्याकडे जाणार आहे. पाठ सरळ राहावी म्हणून पोराला काही काळ लोखंडी पट्टा अडकवलेला होता. लंडनहून आलेल्या एका मोठ्या डॉक्टरने तो पट्टा फेकून द्या आणि याला मोकळ्या हवेत ठेवा असं सांगितलं होतं. पट्टा निघाला, पण मोकळ्या हवेचं घरात कुणी मनावर घेतलं नाही.

मग भारतातून आलेली त्याची मामेबहीण मेरी येते. कॉलिन रात्री आकांत करतो की पाठीला गाठ लागली, आता कुबड येणार. मेरी त्याच्या वर आवाज चढवते, पाठ उघडी करायला लावते आणि मणका न मणका तपासते. गाठ नसते. इतक्या वर्षांत एवढी साधी गोष्ट एकाही मोठ्या माणसाने त्याला करून दाखवली नव्हती. म्हणजे या मुलाला झालेला आजार म्हणजे त्याच्या घरातली मोठी माणसं, आणि तो बरा होतो तो त्यांचा ताबा सुटल्यावर. संक्षिप्त आवृत्तीत पानं वाचवायची म्हणून नेमका हाच भाग जातो. पट्टा जातो, चुलतभाऊ जातो, लंडनचा डॉक्टर जातो. उरतो तो एक पांगळा मुलगा आणि एक चमत्कारी बाग.

माझा मुद्दा याच्याही पुढचा आहे. कॉलिन बागेत जातो तो चाकाच्या खुर्चीत बसून. एक धट्टाकट्टा नोकर त्याला उचलून खाली आणतो, मेरीचा मित्र डिकन खुर्ची ढकलतो, वाटेत कुणी माळी दिसता कामा नये असा हुकूम सुटलेला असतो. वेलींनी झाकलेल्या भिंतीतलं दार उघडतं आणि खुर्ची आत जाते. झाडाखाली बसून तो रॉबिन पक्षी बघतो, आपण आता जगणार असं ओरडून सांगतो. उभा राहतो तो त्यानंतर, आणि तोही हवेच्या गुणाने नव्हे. भिंतीवरून डोकावणारा म्हातारा माळी 'याचे पाय वाकडे ना?' असं विचारतो तेव्हा संतापाने. बागेने त्याला आत घेताना पायांची चौकशी केली नव्हती.

पुण्यात आपण हा क्रम उलटा करून ठेवला आहे. आधी पाय, मग बाग.

महापालिकेच्या बागा इथे दोनशेच्या वर आहेत आणि पुणेकराला त्यांचा रास्त अभिमान आहे. त्यातल्या एखाद्या बागेच्या प्रवेशद्वाराशी चाकाच्या खुर्चीत बसलेलं मूल घेऊन जाऊन बघा. दुचाक्या आत घुसू नयेत म्हणून लोखंडी खांब अशा बेताने रोवलेले असतात की माणसाने तिरकं होऊन आत शिरावं. कुठे फिरतं फाटक असतं. मोठं फाटक असतं, पण त्याला कुलूप आणि किल्ली सुरक्षारक्षकाकडे. रक्षक भला असतो, धावत येतो, पण दर वेळी त्याला शोधून, हाक मारून, चार लोकांच्या नजरा झेलत आत जायचं म्हणजे फिरायला जाणं राहत नाही, मेहेरबानी होते. फुटपाथवरही तेच: दुचाक्या चढू नयेत म्हणून खांब, आणि ते चुकवले तर पुढे हातभर उंचीची पायरी. दुचाकीवाले तरीही चढतात, हा खास पुणेरी भाग. शिवाय बऱ्याच बागा दुपारी बंद. कॉलिन पहिल्यांदा गेला तो दुपारीच.

शाळांबद्दल तर काय बोलावं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. आधीच्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, ते यात २१ झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल, मस्क्युलर डिस्ट्रॉफी हे आले, म्हणजे ज्या मुलांच्या आजाराला 'बरं होणं' हा शेवट नाही अशीही मुलं कायद्याच्या कक्षेत आली. किमान ४० टक्के अपंगत्वाचा दाखला असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. (कॉलिनला हा दाखला मिळाला नसता. तपासणीत शून्य टक्के निघाला असता आणि वाड्यात तसाच पडून राहिला असता. पण ते असो.) कायदा हा असा आणि शाळेच्या ऑफिसात भाषा वेगळी. तिथे 'नाही' कुणी म्हणत नाही. 'आधी वर्षभर थेरपी करून घ्या, थोडा सुधारला की नक्की विचार करू', असं म्हणतात. 'त्याच्याच सोयीसाठी सांगतोय', असंही म्हणतात. वर्ग दुसऱ्या मजल्यावर आहे आणि तो खाली आणता येत नाही, हे एवढं ठाम सांगितलं जातं की वाटावं तो मजला सह्याद्रीच्या वेळचाच आहे.

एका बालवाचनालयात मी आठवड्यातून एकदा मुलांना वाचून दाखवते. तिथे येणाऱ्या एका मुलाला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. हा आजार बहुतेक करून मुलग्यांनाच होतो. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन बनवणाऱ्या जनुकात दोष असतो, ते प्रथिन तयार होत नाही आणि स्नायू हळूहळू झिजत जातात. चालणारं मूल साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास खुर्चीत बसतं. औषधांनी वेग कमी करता येतो, पण गाडी उलट फिरत नाही. या मुलाला वाढदिवसाला मामाने 'सीक्रेट गार्डन' दिलं, अर्थात पातळ आवृत्ती, आणि सोबत एक वाक्य दिलं: 'बघ, तोही उठला. मनात आणलंस ना, तर तूही उठशील.' मामा वाईट नाही, जीव लावणारा आहे. पण पोराने मनात आणलं. घरी कुणी नसताना कपाटाला धरून उठायला लागला आणि दोनदा पडला. त्याची आई मला म्हणाली, 'ताई, पुस्तकाचं काही नाही हो, पण तो म्हणतो माझंच मन कच्चं आहे.' या आजारात स्नायूंवर नको तेवढा जोर पडला तर त्यांना इजा होते. मामाच्या वाक्याने तेच करायला सांगितलं होतं, आणि वर न जमल्याचा दोष मुलाच्या माथी मारला होता.

आपल्याकडे हे वाक्य घरोघरी तयार असतं. 'प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे', हे फळ्यावरच्या सुविचारात किती वेळा वाचलं असेल! वामनपंडितांचा हा श्लोक पुढे काय म्हणतो ते मात्र फळ्यावर येत नाही. मृगजळ पिऊन तहान भागेल, रानात हिंडता हिंडता सशाचं शिंगही सापडेल, पण मूर्खाचं मन वळवता येणार नाही, असा तो भर्तृहरीच्या मागून आलेला टोमणा आहे. वाळूतून तेल निघत नाही हे कवीला ठाऊक होतं, त्यावरच श्लोक उभा आहे. आपण पहिली ओळ कापून घेतली आणि वाळू रगडायला मुलांना बसवलं. श्लोकही संक्षिप्त आवृत्तीतच वाचतो आपण.

परदेशी पुस्तकांवर सगळं ढकलायची सोय नाही, ती याहीमुळे. वनपर्वातला अष्टावक्र घ्या. गर्भात असताना बापाची पाठांतरातली चूक काढली म्हणून शापाने आठ ठिकाणी वाकडा जन्मला. पोरवयात जनकाच्या दरबारात गेला. दारावर द्वारपालाने अडवलं, पण ते वयावरून, शरीरावरून नाही, आणि त्याला वादात गप्प करून पोरगा आत गेला. पंडित बंदीला हरवलं, पाण्यात बुडवलेल्या बापाला परत आणलं. एवढं झाल्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण बाप त्याला समंगा नदीत बुडी मारायला सांगतो आणि सगळे अवयव सरळ होतात. वाकडा विद्वान कथेला शेवटपर्यंत सोसवत नाही. तिकडे 'पंगुं लङ्घयते गिरिम्' रोज म्हणतो आपण. पंगूने डोंगर ओलांडावा एवढी कृपा मागतो, पर्वतीच्या १०३ पायऱ्यांना दुसरी वाट असावी हे मागायचं सुचत नाही.

योहाना स्पायरीची 'हायडी' या बाबतीत बर्नेटबाईंपेक्षा जास्त कठोर आहे. तिचे दोन भाग १८८० आणि १८८१ सालचे. हायडीची फ्रँकफुर्टची मैत्रीण क्लारा आल्प्सवर येते, तीही खुर्चीतून. मत्सराने पेटलेला शेळ्या राखणारा पीटर ती खुर्ची डोंगरावरून ढकलून देतो, तिचे तुकडे होतात आणि क्लारा चालायला लागते. पीटरला फारशी शिक्षा होत नाही, उलट त्याच्या गुन्ह्यातून भलंच झालं असं समजावलं जातं. खुर्ची मोडली म्हणून पाय आले! आज एखाद्या मुलाची खुर्ची कुणी मोडली तर महिनाभर ते घरात अडकून पडतं. मुलांसमोर 'हायडी' वाचताना मी या ठिकाणी थांबते आणि नवी खुर्ची कितीला येते ते सांगते. रसभंग होतो, होऊ दे.

ही पुस्तकं अशी का झाली, हे त्या काळाकडे बघितलं की कळतं. 'हायडी'चा दुसरा भाग आला त्याच्या पुढच्याच वर्षी, २४ मार्च १८८२ला, रॉबर्ट कॉखने बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू जाहीर केला. पण जंतू सापडला म्हणजे औषध सापडलं असं नाही. स्ट्रेप्टोमायसिन मिळायला १९४३ साल उजाडलं. मधली साठ वर्षं डॉक्टरच्या हातात होतं काय, तर हवा, विश्रांती, दूध. आपल्या पाचगणीलाही क्षयरोगी हवापालटासाठी नेत ते याच काळात. स्वतः बर्नेटबाईंचा मोठा मुलगा लायनेल १८९० साली पॅरिसमध्ये क्षयाने गेला, सोळा वर्षांचा होता. त्याला घेऊन त्या युरोपभर उपचारांच्या ठिकाणी हिंडल्या होत्या. त्यानंतर वीसेक वर्षांनी त्यांनी एका मुलाला कादंबरीत अंथरुणातून उठवलं. हे माहीत झाल्यावर त्यांच्यावर रागावणं मला तरी जमत नाही. आईने स्वतःसाठी लिहिलेली ती गोष्ट आहे. तिचा औषधाच्या चिठ्ठीसारखा वापर नंतरच्या लोकांनी केला.

त्यात दुधाचा विनोद मात्र काळा आहे. डिकनची आई, सूसन सोवर्बी, मुलांसाठी ताज्या दुधाची बादली धाडते आणि कॉलिन गुटगुटीत होतो. त्या काळच्या इंग्लंडात न उकळलेल्या गाईच्या दुधातून मुलांना क्षय होत असे, गळ्यातल्या गाठींचा, हाडांचा, मणक्याचाही. मणक्याच्या क्षयाने पाठीला कुबड येतं. कॉलिन ज्याला रात्रंदिवस भीत होता ते त्याच बादलीतून यायची शक्यता होती. निसर्ग औषध देतो आणि आजारही देतो, हे यॉर्कशरच्या शेतकऱ्याला कळत असणार, वाचकाला कळत नाही. आणि हो, मेरी जी पिवळी, किडकिडीत, किरकिरी आहे ती भारताच्या हवेने, असं पुस्तकाचं स्पष्ट मत आहे. पुण्याच्या हवेची महती गाणाऱ्यांनी हे पान जरूर वाचावं.

बरं होण्याला माझा विरोध नाही, हे सांगायलाच हवं, कारण अशा लेखावर पहिली प्रतिक्रिया तीच येते. बरं होता येतं तिथे व्हावंच. जन्मतः पावलं आत वळलेलं बाळ आठवड्या-आठवड्याला प्लॅस्टर बदलत, मग काही वर्षं रात्री बूट-पट्टी घालत सरळ चालायला लागतं. पोलिओ देशातून गेला. शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्याजवळ सापडला आणि मार्च २०१४ मध्ये आपल्याला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. रविवारी सकाळी बूथवर बसलेल्या अंगणवाडीताई, बर्फाच्या खोक्यातले डोस, बोटाला लावलेली शाई, दारोदार फिरून राहिलेलं मूल शोधणं, या सगळ्याचं ते फळ होतं. कुणा पोराच्या निग्रहाने पोलिओ हटला नाही. आपण यश मात्र कायम निग्रहाच्या खात्यात जमा करतो, आणि मग जिथे औषधच नाही तिथे अपयशही मुलाच्याच खात्यात पडतं.

दुसरा आक्षेप आशेचा. मुलांना आशा नको का, सगळंच रडकं द्यायचं का? पण चालता येणं ही एकच आशा मुलांना असते हे कुणी ठरवलं? वाचनालयातल्या त्या मुलाला विचारलं तर त्याला बुद्धिबळाच्या वर्गाला जायचं आहे. वर्ग जिन्याच्या वर भरतो. त्याच्या आशेला तेरा पायऱ्या आडव्या आहेत, आणि त्या दूर करणं जनुकशास्त्रज्ञाचं काम नाही, इमारतीच्या मालकाचं आहे. मुरलीकांत पेटकरांनी १९७२ला हायडेलबर्गमध्ये पॅरालिम्पिकचं सुवर्णपदक जिंकलं ते ५० मीटर पोहण्यात. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालं होतं. ते अधूपण गेलं म्हणून पदक मिळालं असं नाही. त्यांना तलाव मिळाला, मार्गदर्शक मिळाले, स्पर्धा मिळाली. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला इजा झालेले जवान खुर्चीतून बास्केटबॉल खेळतात. पुण्यातल्या किती शाळांनी आपल्या मुलांना तो सामना बघायला नेलं असेल? वृद्धाश्रमाला भेट मात्र दर वर्षी.

म्हणून ही पुस्तकं काढून टाका असं मी म्हणणार नाही. पूर्ण वाचा, मूळ लांबीची वाचा, पट्ट्यासकट आणि बापाच्या चुलतभावासकट. मुलं हुशार असतात. घरच्यांनी आजारी पाडलेला मुलगा त्यांना आपल्यापेक्षा लवकर ओळखू येतो. कॉलिनची मंत्र-जादू आली की त्यांना हेही सांगा, की झाडाखाली मांडी घालून बसणं आणि डुलत पुटपुटणं हे त्याने हिंदुस्थानातल्या फकिरांवरून उचललं आहे. तेच आज इंग्रजी नावाच्या शिबिरांत शुल्क भरून आपल्याकडे परत येतं.

आणि नाटक करणार असाल तर त्याबद्दल एक मागणं आहे. उन्हाळ्यात पुण्यात बालनाट्य शिबिरांचा सुकाळ असतो आणि या गोष्टीचं नाट्यरूप करायचा मोह दिग्दर्शकांना होतोच, कारण शेवटी मुलगा उठून बापाच्या अंगावर धावत येतो आणि टाळ्या पडतात. त्या टाळ्यांपायी कॉलिनची भूमिका दर वेळी धावू शकणाऱ्या मुलाला जाते. खुर्चीतलं मूल निवडीलाच येत नाही, कारण रंगमंचावर चढायच्या पायऱ्या विंगेत अंधारात असतात आणि उतार नसतो. याच शहरात डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनची ग्रिप्स ही बालनाट्य चळवळ १९८०च्या दशकात आणली. परी, राजा, जादूची कांडी नको, मुलांचे खरे प्रश्न रंगमंचावर आणा, असं ते नाटक मराठीत म्हणू लागलं, आणि तिथे मुलांच्या भूमिका मोठी माणसं करतात हेही प्रेक्षकांनी आनंदाने स्वीकारलं. तिशीतला माणूस आठ वर्षांचा मुलगा आहे हे मानणाऱ्या प्रेक्षकाला, धावत न येणारा कॉलिन बापापाशी पोहोचला हे मानायला कितीसं जड जाईल? खुर्ची ढकलायला डिकन आहेच. फक्त तालमीच्या पहिल्या दिवसाआधी फळ्यांचा उतार करून घ्या. सुताराला तो एका दिवसाचा प्रश्न आहे, आणि प्रयोग संपल्यावर काढू नका.